नीतिमान योसेफ आणि आपली जीभ

१९ मार्च, मरीयेचा पती संत योसेफ यांचा महोत्सव
शुभवर्तमान: मत्तय १:१६, १८-२१, २४



आजचं शुभवर्तमान आपल्याला जवळजवळ पाठ आहे. नाताळच्या आधी १८ डिसेंबरला ते मिस्सामध्ये वाचलं जातं आणि आज संत योसेफांच्या सणाला पुन्हा. इतक्या वेळा ऐकल्यामुळे होतं काय, आपलं लक्ष सरळ स्वप्नाकडे आणि देवदूताकडे धावतं. पण देवदूत यायच्या आधी एक छोटंसं वचन आहे, एकोणिसावं. आज तेवढ्यावरच मनन करूया.

परिस्थिती काय होती ते आधी नीट बघा. मरीया आणि योसेफ यांचं वाग्दान झालं होतं. आपल्याकडच्या साखरपुड्यासारखं हे नव्हतं. यहुदी रिवाजात वाग्दान कायद्याने बांधणारं असे. मुलगी अजून माहेरी असली तरी ती त्याची पत्नीच मानली जाई आणि ते नातं मोडायला रीतसर घटस्फोट द्यावा लागे. अशा वेळी मरीया गरोदर आहे हे लक्षात आलं. मूल आपलं नाही, हे योसेफाला ठाऊक होतं. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात अशा प्रसंगासाठी दगडमाराची शिक्षा लिहून ठेवलेली होती. नासरेथ तर एवढंसं गाव. कोणाच्या घरी काय शिजतंय हे सगळ्यांना कळणारं.

म्हणजे योसेफाच्या हातात सगळं होतं. नियमशास्त्र त्याच्या बाजूने होतं, गावाची सहानुभूती मिळाली असती, आणि मनात जखम होती ती वेगळीच. चार लोकांत नुसतं तोंड उघडलं असतं तरी त्याचं नाव स्वच्छ राहिलं असतं. आणि मत्तय काय सांगतो? तो नीतिमान होता आणि तिला चव्हाट्यावर आणण्याची त्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याने गुपचूप वेगळं होण्याचा विचार केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एखाद्याचा सगळ्यांसमोर तमाशा करणं, लोकांना दाखवण्यासाठी उभं करणं, असा आहे. योसेफाला ते नको होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. योसेफाच्या मनात नेमकं काय होतं याबद्दल ख्रिस्तसभेच्या आचार्यांची मतं वेगवेगळी आहेत. काही म्हणतात त्याला संशय आला. संत जेरोम आणि संत बर्नार्ड यांच्यासारखे म्हणतात की मरीयेचं पावित्र्य तो जाणून होता, काहीतरी देवाचं काम चाललंय हे त्याने ओळखलं आणि भीतीयुक्त आदराने तो मागे सरत होता. कुठलंही मत घ्या, एक गोष्ट बदलत नाही. मरीयेबद्दलचा एकही शब्द त्याच्या तोंडून बाहेर गेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली संत योसेफांवर जे प्रेषितीय पत्र लिहिलं, त्यातही हाच मुद्दा घेतला आहे: पूर्ण चित्र समजत नसतानाही योसेफाने मरीयेचं चांगलं नाव, तिची प्रतिष्ठा आणि तिचा जीव जपायचं ठरवलं.

आणि मत्तय त्याला नीतिमान म्हणतो ते देवदूत यायच्या आधी. अजून स्वप्न पडलेलं नाही, खुलासा झालेला नाही. ज्या रात्री त्याला वाटत होतं की माझी फसवणूक झाली असावी, किंवा काहीच कळत नव्हतं, त्या रात्रीच्या योसेफाला शुभवर्तमान नीतिमान म्हणतं.

आता आपल्याकडे येऊया.

"खोटं कुठे बोलतेय? जे आहे तेच सांगतेय." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ऑफिसात चहाच्या वेळी, विरार लोकलमध्ये, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, आणि आता सगळ्यात जास्त व्हॉट्सॲपवर, ते सुद्धा स्क्रीनशॉटसकट. आपल्याला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा शिकवली ती खोटी साक्ष देण्याबद्दल. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की खोटं बोललो तर पाप, खरं बोललो तर प्रश्न मिटला.

ख्रिस्तसभा असं शिकवत नाही. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये परिच्छेद २४७७ काढून बघा, मोबाईलवर मिनिटभरात सापडेल. तिथे आठव्या आज्ञेखाली तीन वेगवेगळी पापं सांगितली आहेत. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनातसुद्धा खरा धरून चालणं, हा उतावळा निवाडा. दुसऱ्याबद्दल खोटं सांगून त्याचं नाव खराब करणं, हा खोटा आळ. आणि या दोघांच्या मध्ये तिसरं: दुसऱ्याचा खरा दोष, योग्य कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना सांगणं. ही निंदा. म्हणजे गोष्ट शंभर टक्के खरी असू शकते आणि तरीही ती सांगणं पाप असू शकतं. आपल्यापैकी बहुतेकांची अडचण या मधल्या पापाची आहे, कारण पहिल्या दोन्हींत निदान मन थोडं खातं, इथे ते बिलकूल खात नाही.

असं का बरं? खऱ्याला कसली आडकाठी? कारण माणसाचं चांगलं नाव ही त्याची मालमत्ता आहे. त्याने चूक केली म्हणून ती मालमत्ता रस्त्यावर पडलेली होत नाही, कोणीही उचलावी आणि वाटून टाकावी अशी. ख्रिस्तसभेच्या कायद्यात तर हा हक्क म्हणूनच लिहिलाय. १९८३ च्या धर्मसंहितेतलं कलम २२० सांगतं की कोणाच्याही चांगल्या नावाला अन्यायाने धक्का लावायचा कोणाला अधिकार नाही, आणि कोणाचं खासगीपण मोडायचाही नाही.

समजा, तुमच्या क्वायरमधल्या एका मुलाची नोकरी गेली, आणि ती का गेली हे तुम्हाला त्याच्या कंपनीतल्या ओळखीमुळे कळलं. कारण खरं आहे आणि त्याला शोभणारंही नाही. तुम्ही एकालाच सांगता, विश्वासाने. तो एकालाच सांगतो, विश्वासाने. तीन रविवारांत सगळ्या क्वायरला माहीत. कोणी त्याला तोंडावर काही बोलत नाही, फक्त तो आला की बोलणं थांबतं. मग एक दिवस तो सरावाला येत नाही. पुढे मिस्सालाही नाही. आणि आपण म्हणतो, "काय रे, हल्ली तो दिसत नाही चर्चला, श्रद्धा कमी झाली वाटतं." ज्याला प्रभूच्या मेजापासून दूर ढकललं त्याच्याच श्रद्धेची चर्चा!

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात जिभेच्या पापांना एकामागोमाग एक पाच प्रश्न दिले आहेत: तोंडावर केलेला अपमान, पाठीमागची निंदा, चहाडी, टिंगल आणि शाप. गंमत म्हणजे मराठीत या सगळ्यांना अस्सल शब्द आहेत, भाषांतर शोधावं लागत नाही. आपण भरपूर सराव केलाय म्हणायचा! त्यांत चहाडी, म्हणजे दोघांमध्ये कान भरणं, काड्या लावणं, हे निंदेपेक्षाही वाईट, असं ते म्हणतात. कारण निंदेने नाव जातं, पण चहाडीने मित्र जातो. "ती तुझ्याबद्दल काय बोलत होती माहितेय का?" या वाक्यात बहुतेक वेळा काळजी कमी आणि आग लावायची हौस जास्त असते.

या विषयावर मला सगळ्यात जवळचे वाटतात ते संत फ्रान्सिस द सेल्स. हे जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा शहर कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्यांना आनसी गावात राहावं लागलं. तरुण धर्मगुरू असताना लोक प्रवचनाला येईनात म्हणून ते पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून सरकवत. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. म्हणजे जे जे काही लिहितात आणि पोस्ट करतात, त्या आपल्या सगळ्यांचेच म्हणा ना. भक्तिमय जीवनावरचं त्यांचं सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पुस्तक मठातल्या लोकांसाठी नाही, संसारात, दरबारात, कामधंद्यात असलेल्यांसाठी आहे. त्यात निंदेवर एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते वाचताना वाटतं की या माणसाने आपला ग्रुप चॅट वाचलाय.

ते म्हणतात, सगळ्यात विषारी निंदक कोण? जो आधी स्तुती करतो. "तसा माणूस सोन्यासारखा आहे हो, मला त्याच्याबद्दल खूप आदर आहे, पण..." तिरंदाज बाण आधी स्वतःकडे ओढतो तो कशासाठी? जोरात सुटावा म्हणून. आपल्या 'पण' आधीची स्तुती बऱ्याचदा तशीच असते. याची आपली खास कॅथॉलिक आवृत्तीही आहे: "तिच्यासाठी प्रार्थना करा, फार अडचणीत आहे ती," आणि लगेच अडचणीचा सविस्तर तपशील. प्रार्थनेसाठी देवाला तपशील लागत नाही. ज्यांना आपण प्रार्थना करायला सांगतो त्यांनाही लागत नाही.

दुसरी गोष्ट ते सांगतात ती मला फार उपयोगी वाटते. एका कृत्यावरून माणसाला नाव देऊ नका. नोहा एकदा दारूच्या नशेत पडला, लोटही. म्हणून ते दारुडे होते का? यहोशवाच्या वेळी सूर्य एकदा थांबला, प्रभूच्या मरणाच्या वेळी एकदा झाकोळला. म्हणून कोणी सूर्याला थांबलेला किंवा काळा म्हणतं का? आपण मात्र किती पटकन म्हणतो: खोटारडी आहे, कंजूष आहे, लफडेबाज आहे. केलं एकदा असेल, 'आहे' हे आपण लावतो. आता "तिने असं केलं" आणि "ती अशीच आहे" या दोन वाक्यांमधलं अंतर बघा. पहिलं कदाचित खरं असेल, दुसऱ्यात खोटा आळ शिरलेला आहे. खरं बोलतोय म्हणता म्हणता आपण कुठल्या कुठे पोहोचतो ते कळतही नाही.

आणि मुळात ते पहिलं तरी खरं आहे का? सिराकच्या पुस्तकात, जे आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये आहे, एकोणिसाव्या अध्यायात फार शहाणा सल्ला आहे. आधी तो म्हणतो, कानावर आलेली गोष्ट तुझ्याबरोबरच मरू दे, घाबरू नकोस, त्याने तुझं पोट फुटणार नाही. (हो, बायबलमध्येही विनोद आहे.) पुढे म्हणतो, मित्राला जाऊन विचार, कदाचित त्याने ते केलंच नसेल. आणि केलं असेल तर पुन्हा करणार नाही. किती साधं आहे! ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला सोडून बाकी सगळ्यांना आपण विचारतो. प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात क्रम घालून दिलाय: आधी तू आणि तो, एकटेच. मग एक-दोन जणांना सोबत घेऊन. मग ख्रिस्तसभेपुढे. आपला क्रम बरोबर उलटा असतो. आधी सगळा ग्रुप, मग दोघंतिघं जवळचे, आणि ज्याचं आहे त्याला शेवटी, तेही तिसऱ्याकडून.

संत इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक नियम घातलाय: दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायला आपण नेहमी जास्त तयार असावं. लावता येत नसेल तर त्यालाच विचारावं की तुला काय म्हणायचंय, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावं. रात्री साडेअकराला मॅनेजरचा एका ओळीचा मेसेज येतो, "उद्या बोलू." आपण त्यावरून त्याचं अख्खं चारित्र्य लिहून काढतो. चांगला अर्थ लावायला पैसे लागत नाहीत, फक्त दोन मिनिटांची थांबायची तयारी लागते.

ऐकणाऱ्यांचं काय? तुम्ही म्हणाल, मी तर काही बोललोच नाही, फक्त ऐकत होतो. संत थॉमस म्हणतात की अडवणं शक्य असून जो निंदा निमूटपणे ऐकतो तो तिला संमती देतो, आणि त्यात रस घेत असेल तर त्याचं पाप बोलणाऱ्यापेक्षा कमी असेलच असं नाही. पण म्हणून लगेच प्रवचन सुरू करायचं नाही. सगळ्यांसमोर "अरे हे पाप आहे" म्हणणारा माणूस त्या दिवशी निंदा थांबवतो आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच विषय होतो. जमेल तितकं साधेपणाने करावं. "मला तिच्याकडून हे कळलेलं नाही, सोड ना." किंवा "हे तिला विचारलंस का?" किंवा सरळ विषय बदला, क्रिकेट काढा, आणि नाहीच जमलं तर फोनचा बहाणा करून उठा. गप्प चेहरासुद्धा पुष्कळ काम करतो. निंदेला हुंकार लागतो, तो मिळाला नाही की ती लवकर थकते. पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, कुजबुज ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे असं म्हटलं होतं, ते उगाच नाही.

आता एक अवघड भाग. तो टाळला तर हे सगळं मनन उलटं वापरलं जाईल, आणि खरं सांगायचं तर अनेकदा वापरलंही गेलंय. "घरातली गोष्ट घरातच राहू दे." "चर्चचं नाव खराब होईल." "तू क्षमा कर आणि गप्प बस." योसेफाचं मौन दाखवून कोणी पीडित माणसाला गप्प करत असेल, तर ते योसेफाचं मौन नव्हे. योसेफ मरीयेला वाचवण्यासाठी गप्प राहिला. अत्याचार करणाऱ्याला वाचवण्यासाठीचं मौन ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

कॅटेकिझमची व्याख्या पुन्हा वाचा: 'योग्य कारण नसताना'. कारण असेल तर सांगणं पाप नाहीच, काही वेळा न सांगणं पाप आहे. संत इग्नेशियस दोन वाटा दाखवतात. गोष्ट आधीच जाहीर असेल, जसं न्यायालयाचा निकाल, तर तिच्याबद्दल बोलता येतं. किंवा लपलेली गोष्ट अशा व्यक्तीला सांगता येते जी खरोखर मदत करू शकेल. ख्रिस्तसभा स्वतः कधी बोलायला लावते याचं उदाहरण आपल्या प्रत्येक धर्मग्रामात दिसतं. लग्न ठरलं की वधूवरांची नावं चर्चमध्ये जाहीर होतात. का? कोणाला काही अडथळा माहीत असेल तर लग्नाआधी तो कळवणं हे प्रत्येक श्रद्धावंताचं कर्तव्य आहे म्हणून. पण कोणाला कळवायचा? धर्मगुरूंना किंवा बिशपांना. महिला मंडळाला नव्हे!

देशाच्या कायद्यातही हेच. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने कंपनीत अंतर्गत समिती असते. ख्रिस्तसभेतही २०१९ पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशा अत्याचाराची तक्रार आपल्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे करण्याचं बंधन आहे. अशा ठिकाणी "निंदा नको" म्हणून मागे राहू नका. तुमची मैत्रीण धीर करून तुम्हाला काही सांगत असेल तर तिला निंदक म्हणू नका. ती योग्य जागा शोधतेय आणि आज ती जागा तुम्ही आहात.

उपवासकाळात पाचव्या आठवड्याच्या सोमवारी दानीएलच्या तेराव्या अध्यायातून सुसान्नाची गोष्ट वाचतात, ती या बाबतीत योसेफाच्या शेजारी ठेवून वाचावी. बाबेलमध्ये दोन वडीलधारे न्यायाधीश एका निष्पाप विवाहितेवर वाईट नजर ठेवतात, ती नाही म्हणते, आणि ते तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतात. दोघं प्रतिष्ठित, दोघांची साक्ष सारखी. लोक विश्वास ठेवतात. तिला मारायला नेत असताना एक तरुण गर्दीत ओरडतो की मी या रक्तात सामील नाही. हा दानीएल. तो दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळं करून एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलंस? दोघं वेगवेगळ्या झाडांची नावं सांगतात आणि त्यांचं बिंग फुटतं.

योसेफ बोलला नाही, दानीएल ओरडला. दोघांनीही एका स्त्रीचं नाव आणि जीव जपला. म्हणून तोंड उघडायच्या आधी स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: मी हे सांगितल्याने कोण वाचणार आहे? उत्तरात एखादं नाव असेल तर योग्य माणसापाशी जाऊन जरूर सांगा. उत्तर 'कोणी नाही, पण मजा येईल' असं असेल, तर सिराकचं ऐका, पोट फुटत नाही.

बरं, बोलून झालं असेल तर? इथे आपण सगळे लहानपणापासून संत फिलिप नेरी यांची कोंबडीची गोष्ट ऐकत आलोय. निंदा करणाऱ्या बाईला ते रोमच्या रस्त्यांवरून कोंबडीची पिसं उपटत जायला सांगतात आणि मग ती सगळी गोळा करून आण म्हणतात. गोष्ट चांगली आहे, परंपरेने चालत आलेली आहे. पण मला वाटतं आपण तिचा सोयीचा अर्थ काढतो. पिसं परत येत नाहीत ना? मग झालं, सॉरी देवा, आणि पुढे चला. ख्रिस्तसभा इतक्या स्वस्तात सोडत नाही. कॅटेकिझमचा परिच्छेद २४८७ सांगतो की सत्य आणि न्यायाविरुद्ध केलेल्या प्रत्येक अपराधाची भरपाई करावी लागते, अगदी पापाची क्षमा मिळाली तरीसुद्धा. चोरीचे पैसे परत करावे लागतात, तसंच चोरलेलं नावही. सगळी पिसं मिळणार नाहीत, पण समोरच्या अंगणातली चार तर उचलता येतील.

कशी उचलायची? जे सांगितलं ते खोटं निघालं असेल, तर ज्यांना सांगितलं त्यांना परत जाऊन सांगायचं, "मी सांगितलं ते चुकीचं होतं." ग्रुपवर टाकलं असेल तर ग्रुपवरच. 'डिलीट फॉर एव्हरीवन' ही भरपाई नाही, तो पुरावा नष्ट करणं झालं. आणि गोष्ट खरी असेल तर? तिथे "ते खोटं होतं" म्हणता येणार नाही, ते नवं खोटं होईल. मग म्हणा, "मी ते तुम्हाला सांगायला नको होतं, कृपा करून पुढे सांगू नका." आणि त्या व्यक्तीचे जे खरे चांगले गुण तुम्हाला माहीत आहेत ते त्याच लोकांसमोर, निमित्त शोधून, बोला. जमलं तर तिच्या शेजारी उभे राहा. त्या क्वायरमधल्या मुलाला फोन करा, रविवारी येताना सोबत घेऊन या. त्याला सगळं कबूल करायचं की नाही, हे मात्र फादरांशी बोलून ठरवा. त्याला काहीच माहीत नसेल तर आपलं मन हलकं करायला आपण त्याच्यावर नवं ओझं टाकतो, असंही होऊ शकतं.

या उपवासकाळाचे जे दिवस उरलेत त्यांत संत इग्नेशियस यांची विशेष आत्मपरीक्षणाची जुनी पद्धत करून बघा. ती एका वेळी एकाच दोषासाठी असते, म्हणून जमते. सकाळी उठल्या उठल्या ठरवायचं: आज निंदा टाळायची. दुपारी जेवणानंतर मागे वळून बघायचं, तासातासाने, कुठे घसरलो. रात्री पुन्हा. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी, दुपारची एक आणि रात्रीची एक, आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. नोट्स ॲपमध्ये केलं तरी चालेल, पण वही बरी, फोन उघडला की ग्रुप उघडतो. दुपारपेक्षा रात्री ठिपके कमी झाले का, कालपेक्षा आज, गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात, एवढंच बघायचं. शिवाय ते सांगतात की घसरल्याचं लक्षात आलं की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, मनात पश्चात्ताप करायचा. लोकांत असलो तरी कोणाला कळत नाही. लोकलच्या गर्दीत तर अजिबात नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ठिपके वाढतील. घाबरू नका, पाप वाढलेलं नसतं, डोळे उघडलेले असतात.

आणि मग पापनिवेदनाला जा. पवित्र आठवड्यात रांगा लांब असतात आणि मागच्याची चुळबुळ ऐकू येत असते, त्यामुळे आधीच एखाद्या दिवशी संध्याकाळच्या मिस्साआधी फादरांना वेळ विचारून ठेवलेली बरी. तिथे बोलायला काही भीती नाही. जॉन नेपोमुक या धर्मगुरूला १३९३ साली प्रागमध्ये राजाच्या हुकमाने नदीत बुडवलं गेलं आणि परंपरा सांगते की राणीचं पापनिवेदन उघड करायला त्यांनी नकार दिला होता. निंदेला बळी पडलेले लोक आजही त्यांची मध्यस्थी मागतात. पापनिवेदनात काय केलं आणि किती वेळा, ते सरळ सांगा: "ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची खासगी गोष्ट मी पाचसहा जणांसमोर बोललो, दोनदा." बस. तिने काय केलं होतं, ते सांगू नका. तिचं नावही घेऊ नका.